ऐंशीला थांबणारा भाडेकरू

बॅटरीतलं मला कुणी शिकवू नये. शाळा माझी चौथीत सुटली. ती मी सोडली की मास्तरांनी सोडवली, ह्यावर घरात अजून मतभेद आहेत. पण मंगळवार पेठेत माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान चाळीस वर्षं चाललं, आणि ट्रकवाला, जीपवाला, ट्रॅक्टरवाला, मांडववाला, कुणी म्हणजे कुणी माझ्याकडनं बॅटरी भरून नेली आणि वाटेत गाडी बंद पडली असं झालं नाही. झालं असेल तर दोष गाडीत होता. ॲसिड उडून माझी एकही विजार धड राहिली नाही, आणि ती भोकं मी कधी रफू करून घेतली नाहीत. मास्तरांच्या बोटांना खडू दिसतो तशी आमच्या विजारीला भोकं दिसायला पाहिजेत. त्याशिवाय गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

तर अशा माझ्या घरात, दुकानाच्या वरच्या खोलीत, एक माणूस दोन वर्षं राहून गेला. त्याचं आयुष्यात एकच काम होतं. बॅटरी पूर्ण भरू द्यायची नाही.

आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर दोन लॅपटॉप होते, दोन्ही उघडे, दोन्ही चालू. परातीतनं रुखवत आणावं तसा तो जिना चढला. कपड्यांची पिशवी खाली रस्त्यातच राहिली होती, ती आमच्या मंडळींनी वर नेऊन दिली. मी विचारलं, "पावणं, ती यंत्रं मिटून तरी आणायची." तर म्हणाला, "बंद करत न्हाय मालक मी. कधीच."

माणूस हुपरीचा. घरात पिढ्यान् पिढ्या चांदीचे पैंजण करायचा धंदा. हा धाकटा, डोक्यानं हुशार, म्हणून थोरल्या भावानं इंजिनिअर केला. पुण्यात कंपनीत लागला. आणि एक दिवस राजीनामा देऊन आला, कारण काय, तर कंपनीच्या लॅपटॉपची बॅटरी वर्षात बसली. माणसं बायको सोडून येतात, घर सोडून येतात. हा बॅटरी बसली म्हणून नोकरी सोडून आला.

त्याचं काम मी त्याच्याकडनं सात-आठ वेळा समजावून घेतलं, कारण मला समजेना आणि न समजलेली गोष्ट मी सोडत नाही. शेवटी समजलं ते असं. संगणकाच्या आत एक कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पडदा, बटणं, बॅटरी ही सगळी त्याची माणसं, पण प्रत्येकाची बोली वेगळी. आमच्याकडं निपाणीकडचा ट्रकवाला कानडीत बोलतो आणि मलकापूरकडचा मराठीत, मग मध्ये दुभाष्या लागतो, तसा कारभाऱ्याला प्रत्येक भागासाठी एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणायचं. बॅटरी किती भरलीय हे सांगणारा दुभाष्या आधीच होता. पण "आता बास, भरू नको" असं बॅटरीला बजावणारा कुणीच नव्हता. तो हा बनवत होता. त्याची सिस्टीम फुकट वाटायची, जगातले लोक मिळून बांधतात ती. कुणीही तुकडा लिहून पाठवावा. परदेशात एक साहेब बसलेला असतो, तो बघतो, पटलं तर आत घेतो, नाही पटलं तर परत पाठवतो. ह्या साहेबाला तो राखणदार म्हणायचा. मला तो साहेब गळ्यात ताईत घातलेला, हातात काठी, पोट सुटलेला असाच दिसायचा. अजून दिसतो.

"पण भरू का द्यायची न्हाय?" मी विचारलं. "बॅटरी भरलेलीच पाहिजे. अर्धी ठिवली की आतल्या प्लेटांवर पांढरं धरतंय अन् मरती. चाळीस वर्षं बघतोय."

"तुमची शिशाची मालक. ती उपाशी ठेवली की मरते. माझी लिथियमची. तिला कायम पोट भरून ठेवलं की मरते. ऐंशीला थांबवायची. शंभर टक्के हा बॅटरीचा शत्रू हाय."

"बॅटरी ती बॅटरी," मी म्हणालो, आणि तो विषय माझ्या बाजूनं संपवला.

त्याच्या बाजूनं तो विषय कुठंच संपत नव्हता. बादली ऐंशीला थांबायची. आंघोळीचं पाणी वरच्या कडेपासून चार बोटं खाली. चहाच्या कपात तळाला एक घोट ठेवायचा. हॉटेलवाला पहिले आठ दिवस विचारायचा, "माशी पडली काय?" टॉकीजला जायचा आणि खलनायक सापडायच्या आत बाहेर यायचा. पुढं काय झालं ते आमची मंडळी सांगायला लागली की कानांवर हात. पन्हाळ्याला एकदा पायी निघाला, आणि वर पोचायला एक वळण राहिलं असताना मागं फिरला. मी म्हटलं, "पाय दुखलं काय?" तर म्हणाला, "दुखू नयेत म्हणूनच."

सगळ्यात मोठा घोळ आमच्या मेव्हण्याच्या गावच्या जत्रेत झाला. मीच नेला होता त्याला, चूक माझीच. मटणाची पंगत बसली. मेव्हणा स्वतः रश्श्याची बादली घेऊन वाढत होता, आणि आमच्याकडं वाढणारा माणूस नको म्हटल्यावर ऐकतो असं कुठं नाही. पावण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, त्यानं हात जोडायचे, ह्यानं आणखी वाढायचं, अशानं दोघांची इज्जत राहते. आमच्या ह्यानं तीन भाकऱ्या झाल्यावर ताटावर आडवा हात धरला.

"बास. ऐंशी झाले."

"आँ?" मेव्हणा म्हणाला. "ऐंशी काय? मटण खराब हाय काय?"

"मटण उत्तम हाय. पण शेवटचे वीस टक्के आतल्या भागांवर ताण देतात. ऐंशीपर्यंत भरभर भरतं, पुढं गरम होतं."

"कोण गरम होतंय?"

मग ह्यानं ताटावरचा हात न काढता लिथियमच्या पोटात काय होतं ते सांगायला सुरुवात केली. पंगत थांबली. शेजारची माणसं घास तोंडात धरून ऐकत होती. मेव्हण्यानं सगळं शांतपणे ऐकलं, आणि संपल्यावर पळीभर तांबडा रस्सा त्याच्या हातावर ओतला. हातावर. कारण वाढणं त्याचं काम होतं, हात काढणं ह्याचं.

हात चांगलाच पोळला. येताना एस.टी.त फुंकर मारत म्हणाला, "मालक, बघितलंत न्हवं? थांबवायची सोय आधीपासनं आत बसवलेली पाहिजे. ऐन वेळी हात घालून न्हाय थांबत."

एवढं होऊनसुद्धा मला तो माणूस आवडायला लागला होता. हट्टी माणूस मला लगेच ओळखू येतो.

त्याच्या दुभाष्याचं पहिलं रूप तयार झालं तेव्हा त्यानं मला वर बोलावलं. लॅपटॉपला वायर लावली होती, आणि कडेचा चार्जिंगचा बारका दिवा लागत होता, विझत होता, लागत होता, विझत होता.

"हे काय गाडीचं इंडिकेटर हाय काय?" मी म्हणालो. "कुठं वळतोयस?"

तो म्हणाला, बरोबर चाललंय, ऐंशीला थांबतं. तेवढ्यात वीज जाते, बॅटरी एक घर खाली येते, वीज आली की परत भरायला लागते. त्या वर्षी लोडशेडिंग एवढं होतं की वीज यायची ती हजेरी लावायला.

मी म्हटलं, "तुला पाण्याची मोटर ठावं हाय न्हवं? टाकीतनं तांब्याभर पाणी काढलं म्हणून कोण मोटर चालू करतंय? टाकी निम्म्याखाली जाऊ दे, मग चालू कर. वरची एक खूण अन् खालची एक खूण. दोन खुणा पाहिजेत. एका खुणेवर मोटर जळती."

"एकच आकडा सोपा हाय," तो म्हणाला. "माणसांना दोन आकडे झेपत न्हाईत."

"मला चौथीत झेपलं."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. राखणदाराला एका आकड्याचंच पाठवलं. सायबर कॅफेतनं उत्तराचा कागद छापून आणला, दुकानात उभं राहून वाचला आणि मला मराठीत सांगितला. साहेबानं लिहिलं होतं की हे भरणं-थांबणं सारखं सुरू राहणार, ह्याचं काय?

मी फक्त वरच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघितलं.

मग दोन खुणा झाल्या. वर ऐंशीला थांबायचं, खाली चाळीसपर्यंत जाऊ द्यायचं, तोवर भरायचं नाही. ह्याचा आमच्या घराला असा त्रास झाला की तो माणूस स्वतःसुद्धा चाळीसपर्यंत उतरल्याशिवाय जेवेना. आमच्या मंडळींनी एकला हाक मारायची, "अवो इंजिनिअर, पानं वाढलीत!" आणि वरनं आवाज, "अजून पंचावन्न हाय काकू!" तीन वाजले तरी पंचावन्न. मंडळी माझ्यावर चिडायच्या, "तुमालाच लई अक्कल. दोन खुणा!"

थोरला भाऊ महिन्यातनं एकदा हुपरीच्या गाडीनं यायचा. चांदीला डाग देऊन, म्हणजे सांधे जोडून जोडून, बोटं काळी झालेला, सरळ माणूस. वर जायचाच नाही. माझ्या दुकानात ट्रकच्या बॅटरीवर बसायचा आणि तिथनंच बोलायचा, वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"पावणं, मला एक सांगा. लोक भरणारी यंत्रं करत्यात. ह्यो भरायचं थांबवणारं यंत्र करतोय. थांबवायला जगात कुणी पगार देतंय काय?"

"रेल्वेत देत्यात की," मी म्हणालो. "ब्रेकवाल्याला." भाडेकरू माझा होता, त्याला दुसऱ्यानं नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

पण थोरला ऐकणारा नव्हता. दुसऱ्या वर्षी गणपती बसायच्या आधी तो आला आणि पहिल्यांदा जिना चढला. मलाही साक्षीला वर नेलं. म्हणाला, "हे बघ. हंगामात घरात घुंगरू जोडायला हात पुरत न्हाईत. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तुझ्या त्या साहेबानं घेतलं तर मी परत कधी बोलणार न्हाय. तू अन् तुझी बॅटरी. न्हाय घेतलं तर पाडव्याला माझ्या शेजारच्या पाटावर बसायचंस, जन्मभर. कबूल?"

"कबूल," हा म्हणाला.

थोरला गेल्यावर मी विचारलं, "एवढं काय वाईट हाय रं घुंगरू जोडणं? चांदीचं काम हाय."

तो मग म्हणाला, "वाईट काय बी न्हाय मालक. पण मी जोडलेलं घुंगरू कुणीबी जोडंल. हे मी न्हाय केलं तर कुणी करणार न्हाय, अन् सगळ्या जगातल्या बॅटऱ्या भरून भरून मरतील." आणि हे तो अशा तोंडानं म्हणाला की मला हसता येईना.

राखणदाराची आता दुसरीच अडचण होती. दोन खुणा ठीक, पण ह्याचा उपयोग होतो हे कशावरनं? दाखव. म्हणून ह्यानं ते दोन जुळे लॅपटॉप दोन कोनाड्यांत मांडले होते. डावीकडची बॅटरी कायम शंभरला भरलेली, उजवीकडची दोन खुणांच्या मध्ये. त्यांना आमच्या मंडळींनी नावं ठेवली होती, जेवलेली आणि उपाशी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन्ही वायरी काढायच्या आणि घड्याळ लावून दहा टक्क्यांवर यायला कोण किती वेळ घेतं ते बघायचं, बंद पडू द्यायचं नाही. आकडे माझ्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचे. मी म्हटलं वही घे, तर म्हणाला वही हरवते, भिंत हरवत नाही. सहा महिन्यांत जेवलेली चांगलीच उतरली होती आणि उपाशी तशीच्या तशी तरतरीत. हे मी डोळ्यांनी बघत होतो, पण पटवून घेत नव्हतो. सहा महिने म्हणजे काय? मी चाळीस वर्षं बघत होतो.

दसरा झाला आणि हुपरीला त्याच्या थोरल्याच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. तीन दिवस जायचं होतं. थोरल्यानं निरोप पाठवला होता की ती यंत्रं घेऊन आलास तर मुशीत घालून वितळवीन. मग ह्यानं पहिल्यांदाच, मी सांगतो दोन वर्षांत पहिल्यांदाच, दोन्ही लॅपटॉप बंद केले, खाली आणले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मालक, चालू करायचं न्हाय."

"न्हाय."

"उघडायचं बी न्हाय."

"शब्द दिला."

वायरीचं तो काही बोलला नाही. कशाला बोलेल? राखण पक्की आहे असं त्याच्या डोक्यात होतं.

त्या बॅटऱ्यांना खालच्या बाजूला एक बटण असायचं. ते दाबलं की पाच बारके हिरवे दिवे, जेवढी भरलेली तेवढे लागायचे. यंत्र बंद असलं तरी लागायचे. पहिल्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी जेवलेलीचं बटण दाबलं. पाच दिवे. उपाशीचं दाबलं. तीन.

मी जेवायला गेलो. मंडळींनी झुणका केला होता, पण घास गोड लागेना. आमच्या दुकानात आलेली बॅटरी अर्धी परत गेली असं चाळीस वर्षांत झालेलं नाही. आणि इथं टेबलावर एक जेवतेय आणि दुसरी तिच्या तोंडाकडं बघत बसलीय. माझ्या छपराखाली. मी उठलो, हात धुतला, खाली गेलो आणि वायर लावली. चालू केलं नाही. उघडलं नाही. दिलेला शब्द मी मोडत नसतो. दोन तासांनी बटण दाबलं, पाचही दिवे लखलखीत. मला एकदम बरं वाटलं. मग मी उरलेला झुणका खाल्ला.

तिसऱ्या दिवशी तो आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यानं उपाशीचं बटण दाबलं. दिवे मोजले. परत दाबलं, परत मोजले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पाच?"

"पाच," मी म्हणालो. "लई वाळली होती बिचारी."

तो ट्रकच्या बॅटरीवर, थोरला बसायचा तिथंच, बसला. पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते, सहा महिन्यांच्या आकड्यांवर मी बोळा फिरवला होता. मला वाटलं हा आता ओरडणार. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, तयारीत होतो.

"मालक," तो म्हणाला, "मी फक्त ऐंशी टक्के रागावलोय."

"अन् उरलेलं वीस?"

"ते माझ्यावर." आणि एकदम ताडकन उठला. "मी बंद केला की माझा दुभाष्या बी बंद! कारभारी झोपला की बॅटरीला कोण सांगणार? तुम्ही वायर लावली अन् ती मुकाट भरत बसली. मालक, दोन वर्षं मी यंत्र कधी बंदच केलं न्हाय. मला हे दिसणारच कसं?"

मग त्यानं मला समजावलं. लॅपटॉपच्या पोटात एक बारकी चकती असते, चिप म्हणतात, ती यंत्र बंद असतानाही जागी असते आणि भरायचं काम खरं तिच्याच हातात असतं. ह्याचा दुभाष्या आतापर्यंत स्वतः पहारा करत बसायचा. आता त्यानं पहारा करायचा नाही. दोन्ही खुणांचे आकडे त्या चिपच्या कानात सांगायचे आणि बाजूला व्हायचं. मग कारभारी झोपो, मरो, चिप लक्षात ठेवेल.

दहा दिवस तो खोलीतनं बाहेर आला नाही. जेवायला हाक मारली की वरनं आकडासुद्धा सांगायचा नाही, त्यावरनं आम्ही ओळखलं काम गंभीर आहे. झाल्यावर राखणदाराला पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य असं होतं: सहा महिन्यांच्या आकड्यांना डाग लागला आहे, कारण माझ्या घरमालकांनी दयेपोटी बॅटरी पूर्ण भरली.

"दयेपोटी काट," मी म्हणालो. "अनुभवापोटी लिही."

त्यानं लिहिलं. खरं सांगायचं तर ते पत्र परदेशात गेलं तेव्हा मला थोडी धाकधूक होती. पोराचं आयुष्य घुंगरात जायला आता पाचच दिवस होते, आणि घालवणारा मी.

दोन दिवसांनी उत्तर आलं. साहेबानं लिहिलं होतं की आकड्यांचं राहू दे, चिपला सांगायची कल्पना बरोबर आहे. फक्त एक करा. यंत्र बंद करा, आणि तुमच्या घरमालकांना परत वायर लावायला सांगा. काय होतं ते कळवा.

हा धावत आला. "मालक, चला! साहेबानं तुम्हालाच बोलावलंय!"

"मी न्हाय लावणार," मी म्हणालो.

"का?"

"एकदा लावली ती मनानं लावली. कुणाच्या सांगण्यावरनं मी वायर लावत न्हाय. साहेब असला तर त्याच्या घरचा."

त्यानं हात जोडले. थोरल्याचं नाव काढलं. मी हललो नाही. आत कुठंतरी मला हेही ठाऊक होतं की मी लावली आणि चारच दिवे लागले, तर चाळीस वर्षांचं काय करायचं? शेवटी आमच्या मंडळींनी पदराला हात पुसले, वर गेल्या आणि वायर लावून आल्या. मी दुकानातच बसलो. निकाल काय लागला तेही विचारलं नाही.

नरकचतुर्दशीला दुपारी तो कॅफेतनं अनवाणी पळत आला. चपला तिथंच राहिल्या होत्या. हातातल्या कागदावर एकच ओळ होती.

"घेतलं," तो म्हणाला.

मी म्हटलं पेढे वाट, सगळ्या गल्लीत वाट. आणि तो गेला. आमच्या ओळीत पाच घरं. त्यानं चार घरांत पेढे दिले आणि परत आला. पाचव्या घरची बाई दारात उभी राहून बघत होती. ती आजतागायत आमच्याशी बोलत नाही. तिच्या नातीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आलं नाही. मी मंडळींना म्हटलं, जाऊन समजावून सांग. त्या म्हणाल्या, "काय सांगू? लिथियम?"

पाडव्याला थोरला आला. कागद उलटासुलटा बघितला.

"ह्येचं तुला मिळणार काय?"

"काय न्हाय."

"म्हंजी फुकट?"

"फुकट."

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं, मी थोरल्याकडं. मग त्यानं कागदाची घडी घालून धाकट्याच्या खिशात ठेवली, त्याच्या डोक्यावरनं काळ्या बोटांचा हात फिरवला आणि हुपरीची गाडी धरली. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. परत कधी बोलला नाही.

पुढं त्याच कामावरनं बंगळूरच्या एका कंपनीनं आमच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. एस.टी. स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. दोन्ही लॅपटॉप ह्या वेळी मिटून पिशवीत होते. गाडी लागली. तो पायरीवर चढला, मागं वळला आणि म्हणाला, "मालक, तुमचं एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही वायर लावली नसती, तर—"

आणि थांबला. मला वाटलं शब्द शोधतोय. कसला शोधतोय! आत जाऊन खिडकीशी बसला, हात हलवला, गाडी गेली. ऐंशी झाले होते. उरलेलं काय असेल ते मला समजत नाही असं नाही. पण ते त्यानं तोंडानं म्हणायला काय हरकत होती? त्यानंतर ना पत्र, ना फोन.

तीन-चार वर्षं झाली असतील. सूनबाईला तिच्या ऑफिसातनं एक जुना लॅपटॉप मिळाला. त्यात तीच फुकटची सिस्टीम घातलेली. एक दिवस कुरकुरत आली, "मामा, ह्याची बॅटरी खराब हाय. ऐंशीच्या पुढं सरकतच न्हाय. परत देऊ काय?"

मी म्हणालो, "खराब न्हाय. ऑफिसातल्या कुणीतरी मुद्दाम तसं करून ठिवलं असंल. आत कुठंतरी दोन आकडं असतील बघ. दोन. एक वरचा, एक खालचा."

तिनं शोधलं. होते. "तुमाला कसं कळलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "त्यातला खालचा माझा हाय." तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

ती कामाला गेल्यावर घरात कुणी नव्हतं. मी लॅपटॉप बंद करून घेतला होता. खालचं बटण दाबलं, चार दिवे. मग वायर लावली. कुणाच्या सांगण्यावरनं नव्हे, मनानं लावली. बाहेर जाऊन चहा प्यालो, दुकानाच्या पायरीवर बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोललो. दोन तास भरल्यावर आत गेलो आणि बटण दाबलं.

चार.

परत दाबलं. मोजलं. यंत्र झोपलेलं, कारभारी झोपलेला, कुणी राखायला नाही, आणि पाचवा दिवा काही लागेना. वायरीतनं वीज दाराशी उभी आणि आत कुणीतरी आडवा हात धरून बसलेलं.

मी वायर काढली, गुंडाळली आणि होती तशी ठेवली.

जेवताना तीन भाकऱ्या झाल्या. सूनबाईनं विचारलं, "मामा, बास?" मी ताटाकडं बघितलं. आणि चौथी मागून घेतली. गरज नव्हती. पण त्याचं सगळंच खरं झालं असं व्हायला नको.